उशीर झालाय? मग माणसं वाढवू नका!

प्रोजेक्ट रखडला की वरून पहिला उपाय येतो, आणखी चार जण घ्या. फ्रेड ब्रूक्स यांनी १९६० च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/३६० या अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं आणि १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात नेमकं उलट सांगितलं: उशिरा चाललेल्या कामावर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो.

नव्यांना कोड समजावण्यात जुन्यांचाच वेळ जातो. शिवाय पाच जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या १०, दहा जणांत थेट ४५! हे गणित प्रत्येक मॅनेजरच्या टेबलावर चिकटवावं, असं मला मनापासून वाटतं.

डेडलाइन हुकणार असं दिसलं, तर आधी फीचर्स कमी करा किंवा तारीख उघडपणे पुढे न्या. माणसं घ्यायचीच असतील तर सुरुवातीलाच घ्या, तेव्हा शिकवायला सवड असते.