व्यसन सुटल्यावर पडणारीं स्वप्नें

दारू सोडलेल्या माणसाच्या वाट्यास पुष्कळदां एक चमत्कारिक दुःख येतें. तीन-चार आठवडे त्यानें एका थेंबासही स्पर्श केलेला नसतो. शरीर सांवरूं लागलेलें असतें, घरांतील माणसें सुखावलेलीं असतात. आणि अशा वेळीं एका रात्रीं त्यास स्वप्न पडतें. तो जुन्या अड्ड्यावर बसला आहे, हातांत पेला आहे, आणि पेला रिकामाही झाला आहे! घामानें चिंब होऊन तो जागा होतो. जिभेवर दारूची चवसुद्धां त्यास भासते. स्वप्न कोठें संपलें व सत्य कोठें सुरू झालें हें त्यास क्षणभर कळत नाहीं, आणि इतक्या दिवसांचे कष्ट पाण्यांत गेले असें वाटून तो सुन्न होतो.

हें स्वप्न तो सहसा कोणास सांगत नाहीं. सांगावें तर घरच्यांना संशय येईल. न सांगावें तर मनास टोंचणी लागते. मराठी घरांत रूढ असलेल्या दोन समजुती या टोंचणींत भर घालतात. 'मनीं वसे तें स्वप्नीं दिसे' ही एक, आणि पहांटेचें स्वप्न खरें होतें ही दुसरी. पहिलीवरून तो असें धरून चालतो कीं, मनांत अजून दारूच भरली आहे आणि निश्चय केवळ वरवरचा आहे. दुसरीवरून त्यास वाटतें कीं, पतन ठरलेलेंच आहे. मग जें ठरलेलेंच आहे तें टाळण्याचा खटाटोप तरी कशाला? स्वप्नांतल्या पेल्यानें कोणास नशा चढत नाहीं. परंतु स्वप्नाचा हा विपरीत अर्थ माणसास खऱ्या पेल्याकडे नेऊं शकतो. म्हणून या स्वप्नाचें यथार्थ स्वरूप जाणून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम शरीराची बाजू पाहिली पाहिजे. १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांतील यूजीन ॲझरिन्स्की व नॅथॅनिअल क्लाइटमन या शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें कीं, झोपेंत ठराविक अंतरानें मिटलेल्या पापण्यांखालीं डोळे वेगानें हलूं लागतात, आणि त्या वेळीं माणसास उठविल्यास तो बहुधा स्वप्न सांगतो. झोपेची ही अवस्था साधारणपणें दर ९० मिनिटांनीं येते, आणि रात्र सरत जाते तसतशी ती अधिक वेळ टिकते. पहांटेचीं स्वप्नें लांब, ठळक आणि लक्षांत राहणारीं कां असतात, याचें उत्तर यांतच आहे. तें भविष्याचें लक्षण नव्हे; तो झोपेचा क्रम आहे.

दारू या अवस्थेस दाबून टाकते. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्या माणसाची ही स्वप्नांची झोप अशी दडपलेली असते. दारू सुटली कीं ती उसळी मारून वर येते, जणूं जुनी थकबाकी वसूल करते. त्यामुळें पहिल्या कांहीं आठवड्यांत स्वप्नें दाट, रंगीत व भयंकर होतात. त्यांत दारू दिसावी यांत नवल तें काय? ज्या वस्तूभोंवतीं दिवसाचे सारे व्यवहार वर्षानुवर्षें फिरत होते, ती स्मृतींतून एका महिन्यांत पुसली जाईल ही अपेक्षाच अवास्तव आहे.

या बाबतींत प्राचीन वैद्यकाचा विचारही मननीय आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानांत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांपैकीं पहिले पांच प्रकार वैद्यानें निष्फळ समजावे, त्यांवरून पुढील शुभाशुभ ठरवूं नये, असा तेथील अभिप्राय आहे. सुटलेल्या दारूचें स्वप्न हें उघडच अनुभविलेल्या गोष्टीचें स्वप्न होय. म्हणजे ज्या परंपरेच्या नांवावर लोक स्वप्नास भितात, तिच्याच एका थोर ग्रंथानुसार या स्वप्नास भिण्याचें कारण उरत नाहीं.

आतां मनाची बाजू. स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ति, असा सिद्धान्त सिग्मंड फ्रॉइड यांनीं १८९९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडला. 'मनीं वसे' या म्हणीशीं तो जुळताही आहे. परंतु व्यसनाच्या स्वप्नांत पुष्कळदां सुख नसतें, भय असतें. १९९१ सालीं पीटर हायेक व मिशेल बेल्चर यांनीं धूम्रपान सोडलेल्या २९३ लोकांची माहिती प्रसिद्ध केली. पहिल्या चार आठवड्यांत त्यांतील सुमारें ३३ टक्के लोकांना सिगारेट ओढल्याचें स्वप्न पडलें होतें. धूम्रपान चालू असतांना मात्र ९७ टक्के लोकांना असें स्वप्न पडत नव्हतें. स्वप्नांत बहुतेकांना आपली चूक उमगून धडकी भरली होती किंवा अपराधी वाटलें होतें. विशेष हें कीं, ज्यांना अशीं स्वप्नें पडलीं त्यांचा निश्चय टिकण्याचें प्रमाण अधिक आढळलें. स्वप्नामुळेंच निश्चय टिकला असें यावरून सिद्ध होत नाहीं. पण स्वप्न हें दुबळेपणाचें चिन्ह नव्हे, एवढें म्हणण्यास हा आधार पुरेसा आहे. २०१९ सालीं अमेरिकेंत जॉन केली व क्लेअर ग्रीन यांनीं व्यसनांतून बाहेर पडलेल्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तींतही सुमारें एकतृतीयांश लोकांनीं अशा स्वप्नांचा अनुभव सांगितला, आणि मुक्तीचा काळ वाढेल तसतशीं हीं स्वप्नें विरळ होत जातात असें दिसून आलें.

तेव्हां जागें झाल्यावर दाटून येणारी भीति हीच या स्वप्नाची खरी कमाई होय. न पितां, कांहींही न गमावतां, पिण्याचा पश्चात्ताप माणसानें भोगलेला असतो. त्याचा उपयोग करून घेतां येतो.

उठल्याबरोबर दिवा लावावा, तोंडावर पाणी मारावें, आणि दारू सोडून किती दिवस झाले ते मोजावे. तो आंकडा स्वप्नानें एकानेंही कमी झालेला नसतो. नंतर एका वहींत स्वप्न टिपून ठेवावें; केवळ दारू नव्हे, तर जागा कोणती, सोबती कोण, प्रसंग कोणता, हें लिहावें. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, भावाशीं झालेलें भांडण, यांपैकीं एखादी गोष्ट पुनःपुन्हां येत असेल, तर धोका कोठें आहे हें ती दाखविते. पगाराच्या संध्याकाळीं एकट्यानें न फिरणें, वरातींतून लवकर परतणें, असे साधे बंदोबस्त त्यावरून करतां येतात. आणि स्वप्नानें भीतीऐवजीं ओढ जागविली असेल, तर त्याच दिवशीं मदत मागावी.

तिसरी गोष्ट, स्वप्न बोलून दाखवावें. १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन या गांवीं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. तिचें सारें बळ एका व्यसनमुक्तानें दुसऱ्यास आपला अनुभव सांगण्यांत आहे. तिच्या सभा महाराष्ट्रांत मराठींतूनही भरतात. पुण्यांत डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रासारख्या संस्थांत समुपदेशकांपुढें मन मोकळें करतां येतें. सांगितलेल्या स्वप्नाचा जोर निम्मा होतो. लपविलेलें स्वप्न मात्र गुपित बनतें, आणि व्यसन नेहमीं गुपितावरच पोसलें जातें.

येथें घरच्यांवरही जबाबदारी येते. पतीनें सकाळीं असें स्वप्न सांगितलें तर पत्नीनें त्याच्या तोंडाचा वास घेऊं नये, किंवा "म्हणजे मनांत अजून तेंच आहे तर!" असें म्हणूं नये. त्यानें विश्वासानें सांगितलें, यांतच त्याची प्रगति आहे.

मात्र एक भेद विसरूं नये. रोज भरपूर पिणाऱ्यानें दारू एकाएकीं थांबविली असतां पहिल्या कांहीं दिवसांत हात कांपणें, झटके येणें, जागेपणीं नसलेल्या वस्तु दिसणें, भ्रम होणें असे प्रकार घडतात. तीं स्वप्नें नव्हत. तो जिवावर बेतणारा आजार आहे, आणि अशा रोग्यास विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. शक्य तर दारू सोडण्याचा आरंभच वैद्यकीय देखरेखीखालीं करावा. तसेंच स्वप्नें टाळण्यासाठीं झोपेच्या गोळ्या परस्पर घेऊं नयेत. एक व्यसन घालवितांना दुसरें दारांत येण्याचा संभव असतो.

स्वप्नांत काय दिसावें हें कोणाच्या हातीं नाहीं, आणि म्हणून त्याचा दोषही कोणाकडे नाहीं. जागें झाल्यावर पहिलें पाऊल कोणीकडे टाकावें हें मात्र माणसाच्या हातीं आहे, आणि व्यसनमुक्तीचा हिशेब त्या पावलांवरूनच मांडावयाचा असतो.