वकिली आणि घरांची दलाली एकत्र जमेल का?

एलएलबी झालेल्या मुलांचे पालक आम्हाला विचारतात, वकिलीत जम बसेपर्यंत फ्लॅटची एजन्सी केली तर?

सनद चालू ठेवून नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 47 प्रमाणे वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. टायटल सर्च, करारनामा यांची फी ही वकिलीच. सौद्यावरचं कमिशन मात्र धंदा.

दलालीच करायची तर आधी सनद स्थगित करून घ्या, मग महारेराची परीक्षा आणि नोंदणी. नोंदणीशिवाय रेरा प्रकल्पातलं घर विकून दिलं, तर दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो.

आणि घेणाऱ्याचा वकीलच बिल्डरकडून कमिशन घेत असेल, तर कागदातली खोट सांगणार कोण? लोकांची आयुष्यभराची कमाई ही आपल्याकडे अमानत असते.