मीटरपाशी उभा राहणारा संगणक

स्मार्ट मीटरवरून गेली दोन वर्षं महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं, पुढच्या वर्षी पोस्टपेड 'टीओडी', म्हणजे वेळेनुसार दराचे, मीटर आले, बिलांवर भांडणं झाली, मोर्चे निघाले. या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या तोंडी आली नाही. मीटरचा डाटा काढायला हातात यंत्र घेऊन येणारा माणूस संपला आणि त्याच्याबरोबर ते यंत्रही गेलं. मध्यंतरी एका भंगारवाल्याच्या गोदामात अशी यंत्रं किलोच्या भावाने पडलेली पाहिली. प्रत्येकाच्या पाठीवर कुठल्या तरी उपविभागाचा पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर होता. ते दृश्य मला फार लागलं.

या यंत्राला आमच्याकडे सगळे 'एमआरआय' म्हणायचे. मीटर रीडिंग इन्स्ट्रुमेंट. एका हातात मावणारा, जाड प्लॅस्टिकच्या कवचाचा, रबरी बटणांचा संगणक. आत डॉससारखी प्रणाली, वर काही ओळींचा करडा पडदा आणि बाहेर एक लांब केबल. केबलच्या टोकाला चुंबक असलेलं डोकं. ते मीटरच्या काचेवरच्या खुणेवर टेकवलं की चिकटायचं आणि अवरक्त प्रकाशातून मीटर बोलायला लागायचा. एकाच यंत्राने वेगवेगळ्या कंपन्यांचे मीटर वाचता यावेत, हा आग्रह आपल्याकडे १९९६ मध्ये केंद्रीय सिंचन व विद्युत मंडळाच्या तांत्रिक अहवालात लिहिला गेला. तो आग्रह मला आजही मोलाचा वाटतो.

त्याआधीच्या काळावर मी वेळ घालवणार नाही. चकतीचे मीटर, काळी डायरी, बोटाने मोजलेले आकडे, 'सरासरी'ची बिलं. त्या काळाबद्दल हळवं होणाऱ्यांनी कधी सरासरीचं बिल भरलं नसावं.

माझं दशक साधारण १९९९ ते २००९. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची विजेची कामं मी तेव्हा करत होतो. इंडक्शन भट्टी असलेल्या कारखान्याचा जीव 'मॅक्झिमम डिमांड' या एका आकड्यात अडकलेला असतो. महिन्यात एकदा जरी दोन भट्ट्या आणि कॉम्प्रेसर एकदम पेटले, तर तो उंचावलेला आकडा अख्ख्या महिन्याच्या बिलावर बसतो. त्यात वेळेनुसार दर आला. तेव्हा सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते १० महाग, रात्री १० ते सकाळी ६ स्वस्त. फाउंड्र्या रात्रपाळीला वळल्या. पुढे भारनियमनाने सगळ्यांचं वेळापत्रक मोडलं. ६ जून २००५ ला राज्य विद्युत मंडळाची विभागणी होऊन वेगळ्या कंपन्या झाल्या, गाड्यांवरची नावं बदलली, पण दर महिन्याला येणारा अभियंता आणि त्याच्या खांद्यावरचा एमआरआय तोच राहिला.

तो आला की मालक, मी आणि वायरमन मीटररूममध्ये उभे राहायचो. सील तपासलं जायचं, डोकं चिकटवलं जायचं, पडद्यावर टक्के सरकायचे. मीटरच्या पोटात सुमारे महिनाभराची, अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद असायची, त्याला 'लोड सर्व्हे' म्हणतात. कुठल्या रात्री किती वाजता भट्टी पेटली, एखाद्या फेजचं व्होल्टेज कधी गेलं, सगळं त्यात. एकदा एका मालकाला फुगलेली डिमांड मान्य नव्हती. "सायेब, त्या दिवशी कारखाना बंद हुता आमचा." अभियंत्याने तिथेच डाटा काढला, आम्ही कागद छापला, तर पहाटे साडेपाचला भट्टी आणि कॉम्प्रेसर एकत्र. पाळीच्या फोरमनने आदल्या दिवशीचं काम उरकून टाकलं होतं. वाद मीटरपाशीच मिटला. यंत्र दोघांच्या मध्ये होतं आणि आकडा दोघांच्या डोळ्यांदेखत बाहेर आला होता. आज आकडे अॅपवर दिसतात, घरबसल्या दिसतात, हे मी नाकारत नाही. पण तो सर्व्हरने दाखवलेला आकडा आहे. मीटरपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत उभं राहायला ग्राहकाला जागा नाही.

या जातीच्या यंत्रांचा वंश इंग्लंडात सापडतो. कॉव्हेंट्रीच्या हस्की कंपनीने १९८३ मध्ये 'हंटर' काढला. अॅल्युमिनियमच्या ओतीव कवचातला, पाण्यात बुडला तरी चालणारा, आठ ओळींचा संगणक. ब्रिटिश सैन्याने तो वापरला. लंडनच्या सायन कंपनीने १९८६ मध्ये 'ऑर्गनायझर टू' आणि १९९५ मध्ये 'वर्कअबाउट' आणला. हा शेवटचा माझ्याकडे आहे, एका निवृत्त सर्वेक्षकाकडून आलेला. साध्या पेन्सिल सेलवर चालतो, एक मीटरवरून काँक्रीटवर पडला तरी फुटत नाही आणि त्याच्यासाठीचा प्रोग्राम त्याच्यावरच लिहिता येतो. आपल्याकडे बंगळुरूत २००१ मध्ये 'सिम्प्युटर' या हातातल्या संगणकाची मोठी हवा झाली, २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो बाजारात आणला, तो लोकांपर्यंत पोचलाच नाही. त्याच्यावर लेख पुष्कळ लिहिले गेले. उन्हापावसात रोज राबणाऱ्या एमआरआयवर कुणी ओळ लिहिली नाही, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

२०१० नंतर मीटरच्या शेजारी मोडेम बसला, डाटा आपोआप जाऊ लागला. त्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. यंत्रं कपाटात गेली आणि कपाटातच मरायला लागली.

ती मरतात कशाने, हे मी आता नीट ओळखतो. पहिला शत्रू आतली निकेल-कॅडमियम बॅटरी. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते आणि तो क्षार बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खातो. हिरवट पांढरी बुरशी दिसली की आधी पातळ व्हिनेगरने क्षार मारायचा, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. तुटलेला मार्ग बारीक तारेने जोडायचा. नव्या निकेल-मेटल हायड्राइडच्या सेलचा पॅक बांधला की यंत्र पुन्हा श्वास घेतं. पडद्यावर उभ्या रेषा गायब असतील तर दोष बहुधा काचेचा नसतो. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये पट्टेरी रबराची पट्टी असते, ती पुसून, पुन्हा नीट दाबून बसवायची. बटणांखालचा कार्बन झिजतो, त्यावर ग्रॅफाइटचा लेप चालतो. कवचाच्या सांध्यातलं गॅस्केट कडक झालेलं असतं. ते उद्यमनगरात मापाने कापून मिळतं. यंत्र काय आहे हे तिथला कारागीर विचारत नाही, जाडी किती एवढंच विचारतो.

२०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. शाहूपुरीतल्या तळमजल्यावरच्या एका दुकानात बुडालेलं असं एक यंत्र नंतर माझ्याकडे आलं. बाहेरून गाळाने भरलेलं, केबलचा सांधा कुजलेला. चार स्क्रू काढले तर आतला बोर्ड कोरडा होता. त्याच दुकानातले फोन कचऱ्यात गेले.

खरी अडचण लोखंड-प्लॅस्टिकची नाहीच. प्रत्येक कंपनीच्या मीटरसाठी यंत्रात वेगळा प्रोग्राम भरावा लागतो. आतला बॅकअप सेल संपला की काही मॉडेलांतला प्रोग्राम पुसला जातो. तो परत भरायला जुना ३२ बिटांचा पीसी आणि खरा सीरियल पोर्ट लागतो. मीटरशी पहिली ओळख ३०० बॉडच्या संथ गतीने होते, तिथे स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर अडखळतात. हे सगळं जमवता येतं. फाइलच नसेल तर मात्र हात टेकावे लागतात. एका पुरवठादाराने मला फाइल द्यायला नकार दिला. मॉडेल बंद आहे, नवीन घ्या. ज्या यंत्रासाठी तो पंचवीस वर्षांत एकही नवा सुटा भाग देणार नव्हता, त्याची दोन-तीनशे केबींची फाइल त्याने अडवून धरली. १९१८ मध्ये बाबूराव पेंटर आणि दामल्यांनी देशी सिनेकॅमेरा घडवला तो याच कोल्हापुरात. परदेशी यंत्र उघडून, समजून घेऊन, आपलं करणाऱ्या गावाला फाइल नाकारली जाते, हे मला सहन होत नाही.

कागदावर वारा आता आपल्या बाजूने आहे. केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुनी यंत्रं दुरुस्त करून वापरात आणणाऱ्याला वेगळं स्थान आहे. तरी सरकारी लिलावाच्या यादीत दुरुस्त होणारं यंत्र आणि फुटलेलं यंत्र एकाच ओळीत 'भंगार' म्हणून येतात.

माझ्याकडची यंत्रं आजही कामाला जातात. कित्येक फाउंड्र्यांत भट्टीच्या फीडरवर जुने चेक मीटर आहेत, त्यांना मोडेम नाही. महिनाअखेरीला मी डोकं चिकटवतो, लोड सर्व्हे काढतो, मालकाला तिथेच दाखवतो. भंगारात जाण्याआधी सरकारी लिलावातली अशी यंत्रं कळंबा रस्त्यावरच्या शासकीय आयटीआयमधल्या मुलांना मिळावीत, आणि बंद झालेल्या मॉडेलांच्या प्रोग्राम फायली व सर्किटचे नकाशे पुरवठादारांनी खुले करावेत. या दोन मागण्यांचं निवेदन तयार आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या उद्योजकांनी त्यावर सह्या कराव्यात.