गाडी केव्हा तापते, केव्हा वाजते

आसनगावहून नाशिककडे निघालेली जुनी गाडी आटगाव, खर्डीपर्यंत आपलं दुखणं लपवू शकते. कसाऱ्याच्या घाटात मात्र ते जमत नाही. कसारा ते इगतपुरी रेल्वेमार्गाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणून मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं जोडतात. शेजारच्या महामार्गावर जुन्या मारुती 800 ला आपल्या 796 सीसींच्याच बळावर वर जायचं असतं. मे महिन्यात, चार माणसं आणि डिकीत सामान असताना. मग काटा लाल पट्ट्याकडे सरकतो, बॉनेटखालून काहीतरी वाजायला लागतं आणि वळणावर गाडी बाजूला घ्यावी लागते.

गॅरेजात आपण सांगतो, ‘गाडी गरम होते आणि आवाज करते.’ एवढ्यावर कोणत्याही कारागिराला अंदाजच बांधावा लागतो. आज रेडिएटर, उद्या वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), परवा हेड, असे सुटे भाग बदलत जातात आणि खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की ‘काय होतं’ याच्या आधी ‘केव्हा होतं’ हे मालकाने टिपून ठेवावं. निम्मं निदान तिथेच होतं.

तापण्यापासून सुरुवात करू. शहापूरच्या बाजारात किंवा रेल्वे फाटकाशी उभी असताना गाडी तापते, पण हायवेला लागली की काटा खाली येतो. अशा वेळी संशय पंख्यावर घ्यावा. विजेचा पंखा असेल तर त्याचा फ्यूज, रिले आणि रेडिएटरजवळचा स्विच तपासावा. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत पंखा पट्ट्यावर फिरतो, तिथे पट्टा सैल आहे का ते बघावं. याउलट उभी असताना ठीक आणि चढावर किंवा वेगात तापणारी गाडी असेल, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, थर्मोस्टॅट पुरता उघडत नसेल किंवा पाणीच कमी असेल. इंजिन तापल्यावर वरचा होज पाइप कडकडीत आणि खालचा गार लागला, तर अडथळा रेडिएटरात किंवा थर्मोस्टॅटमध्ये शोधावा. हात पंख्यापासून लांब ठेवावा. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

नळ्या बुजतात त्या बहुतेकदा आपणच ओतलेल्या पाण्याने. तानसा, मोडक सागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत, आणि तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. वाटेत गाडी उकळली तर हाताशी असतं ते बोअरचं पाणी. त्यातले क्षार उष्णतेने नळ्यांच्या आत थर धरतात. अडचणीत ते जरूर घालावं, गाडी घरी तर आली पाहिजे. पण नंतर यंत्रणा धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर योग्य प्रमाणात भरावं. कूलंट गंज रोखतो आणि उकळणबिंदूही वाढवतो. इगतपुरी सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्यावरचं साधं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून इंजिनातलं पाणी 100 अंश ओलांडूनही उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी सोय संपते. इतक्या स्वस्त वस्तूकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याने इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो. खराब असेल तर नवा बसवावा.

आता आवाज. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या लयीत, हलकी आणि वरच्या बाजूने येते. सकाळी गार असताना ऐकू येऊन नंतर विरली तर घाबरण्याचं कारण नाही. ऑइल आणि टॅपेटची फट तपासून घ्यावी. खालून येणारा जड ठोका मात्र वेगळा. तो चढावर, भार पडला की वाढतो. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाडीत जाणता मिस्त्री एकेका प्लगचं काम थांबवून बघतो. ज्या सिलिंडरवर ठोका मंदावतो, त्याचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता मोठी. सोबत ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये, टो करून न्यावी.

पट्ट्याच्या बाजूने घरघर येत असेल तर वॉटर बॉडी की आल्टरनेटर, हे लांब स्क्रूड्रायव्हरने कळतं. टोक त्या भागाच्या न फिरणाऱ्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बाही आणि ओढणी आवरून. वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकत असेल तर वेगळा पुरावा लागत नाही.

तापणं आणि वाजणं जिथे एकत्र येतं, तो आवाज म्हणजे चढावर मोठ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारा बारीक, धातूचा कडकडाट. टायमिंग पुढे गेलं असेल, सिलिंडरात कार्बन साठला असेल किंवा इंजिन आधीच तापलेलं असेल, तर पेट्रोल वेळेआधी भडकतं. त्या भडक्याने उष्णता आणखी वाढते आणि उष्णतेने भडके. गिअर खाली घ्यावा, पाय हलका करावा. कार्ब्युरेटरच्या गाडीत इथेनॉलमिश्रित पेट्रोलने मिश्रण पातळ होतं, तेव्हा त्याचंही ट्यूनिंग एकदा बघून घ्यावं.

मालकांची सगळ्यात मोठी फसगत काट्याने होते. पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. आपण समाधानाने पुढे जातो, आणि हेड वाकतं. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं हेड आधी बळी पडतं. मग गॅसकेट उडते. इंजिन सुरू करताच रेडिएटरात बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, डिपस्टिकवर दूध घातलेल्या चहासारखं ऑइल, बाहेर थेंबही न गळता रोज कमी होणारं पाणी: ही त्याची लक्षणं. हेड उतरवल्यावर नुसती गॅसकेट बदलून भागत नाही, हेड मशीनवर तपासून फेस करून घ्यावं लागतं. त्या कामात काटकसर केली की हेड पुन्हा उतरवावं लागतं.

घाटात गाडी उकळलीच तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. तो इंजिनातली उष्णता ओढून घेतो. सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावं. झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नये, दाबाखालचं पाणी तोंडावर उडून माणसं भाजली आहेत. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो.

दुरुस्तीनंतर आसनगाव-शहापूर अशी सपाट फेरी मारून गाडी ताब्यात घेऊ नका. मुरबाडकडचे असाल तर टोकावड्यापुढे माळशेजचा चढ चढवा, इकडचे असाल तर कसारा. परत आल्यावर गाडी रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी, सुरू करण्याआधी, पाण्याची आणि ऑइलची पातळी बघा.