राजेंद्र आणि आठ प्रश्नचिन्हे

संगणकावर नवा प्रोग्रॅम बसवताना मध्येच पडद्यावर तांबडी फुली उमटते आणि खाली इंग्रजीत काहीतरी लिहून येते : फाइल लिहिता येत नाही, फाइल सापडत नाही, नेटवर्कमध्ये बिघाड आहे. मग आपण डिस्कवर जागा आहे का ते पाहतो, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो, इंटरनेटच्या नावाने बोटे मोडतो आणि शेवटी त्या प्रोग्रॅमचा नाद सोडतो. पुष्कळदा मात्र डिस्क, नेटवर्क आणि प्रोग्रॅम तिन्ही ठणठणीत असतात. दोष असतो एखाद्या नावात. तो कसा शोधावा, आणि मराठीत नाव लिहिणाऱ्याच्या वाट्याला तो अधिक का येतो, हे कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही सहज समजण्यासारखे आहे.

प्रथम एक साधा प्रकार. विंडोजवरील 'एमएसआय' जातीच्या गठ्ठ्यातून प्रोग्रॅम बसवला की त्या गठ्ठ्याचे नाव संगणक लक्षात ठेवतो. पुढे दुरुस्तीसाठी आपण तोच गठ्ठा पुन्हा उतरवून घेतो. जुनी प्रत तेथे असल्यामुळे ब्राउझर नव्या प्रतीच्या नावाला कंसात १ जोडतो. संगणक जुन्याच नावाची फाइल शोधत राहतो आणि १३१६ क्रमांकाची चूक दाखवतो. गंमत अशी की त्या चुकीच्या मजकुरात नेटवर्कला दोष दिलेला असतो! गठ्ठ्याला मूळ नाव परत दिले की काम होते.

दुसरा प्रकार मोकळ्या जागेचा. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि पुढे टिंब देऊन तीन अक्षरांचे उपनाव, एवढीच मुभा होती. १९९५ च्या विंडोजने लांब नावे दिली, दोन शब्दांत मोकळी जागाही दिली, आणि प्रोग्रॅम ठेवण्याच्या मुख्य फोल्डरलाच 'प्रोग्रॅम फाइल्स' असे दोन शब्दांचे नाव ठेवले. हा पत्ता अवतरणचिन्हांत घातला नाही, तर विंडोज पहिल्या शब्दापाशी थांबून आधी 'प्रोग्रॅम' याच नावाची फाइल आहे का ते पाहते. तशी एखादी फाइल चुकून तेथे असली तर भलताच प्रोग्रॅम सुरू होण्याचा धोका असतो. या घोळावर एक साधा उपाय म्हणजे मूळ गठ्ठा 'सी' विभागात एखाद्या लहानशा, एकशब्दी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून तेथून चालवणे. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमांना संपूर्ण पत्त्यासाठी २६० अक्षरांचीच मर्यादा असते, तीही त्यामुळे पाळली जाते.

आता राजेंद्रकडे वळू. राजेंद्र हा कोणीही विद्यार्थी समजा. नवा संगणक घेतल्यावर त्याने विंडोजवर स्वतःचे स्थानिक खाते उघडले आणि हौसेने नाव देवनागरीत लिहिले. विंडोजने त्याच नावाचा फोल्डर तयार केला. इन्स्टॉलर हे बांधलेले बोचके असते. ते आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडले जाते आणि मग त्यातील वस्तू जागच्या जागी लावल्या जातात. हा तात्पुरता फोल्डर असतो राजेंद्रच्याच नावाच्या फोल्डरच्या पोटात. म्हणजे प्रोग्रॅम कोठेही बसवायचा असो, वाट राजेंद्रच्या दारावरूनच जाते.

जुन्या धर्तीचा इन्स्टॉलर अक्षरे वाचतो ती 'कोड पेज' नावाच्या तक्त्यावरून. पश्चिम युरोपीय भाषांचा तक्ता १२५२ क्रमांकाचा, रशियनचा १२५१, जपानीचा ९३२. देवनागरीला असा तक्ता विंडोजने कधी दिलाच नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती थेट युनिकोडच्या मार्गाने. त्यामुळे रशियन किंवा जपानी माणूस संगणकाची भाषा बदलून जुन्या इन्स्टॉलरची समजूत घालू शकतो, मराठी माणसाला तशी सोय बराच काळ नव्हती. तक्त्यात न सापडलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी विंडोज प्रश्नचिन्ह ठेवते. 'राजेंद्र' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडच्या हिशेबी र, काना, ज, मात्रा, अनुस्वार, द, हलन्त आणि र अशी आठ चिन्हे होतात. इन्स्टॉलरच्या हाती पडतात आठ प्रश्नचिन्हे. आणि विंडोजमध्ये फाइलच्या नावात जी नऊ चिन्हे वर्ज्य आहेत त्यांत प्रश्नचिन्ह आहेच! म्हणून पत्ताच अवैध ठरतो. अशा वेळी १२३ हा क्रमांक दिसला तर 'नावाची रचना चूक आहे' एवढाच त्याचा अर्थ.

कोणी सांगेल, खात्याचे नाव बदल. त्याचा उपयोग होत नाही, कारण पडद्यावरचे नाव बदलले तरी फोल्डरचे नाव तसेच राहते. रोमन लिपीत नाव असलेले वेगळे खाते उघडावे, किंवा 'टेम्प' आणि 'टीएमपी' हे दोन निर्देश 'सी' विभागातील साध्या फोल्डरकडे वळवावेत. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण त्यात नाव शाबूत राहते. नाव इंग्रजीत लिहिण्याचा सल्ला त्या दिवसापुरता उपयोगी, पण चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. इन्स्टॉलर तयार करण्याच्या 'एनएसआयएस' या साधनाने २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत युनिकोडची सोय दिली. जुनी बोचकी मात्र अजून फिरतातच.

युनिकोड आले म्हणून सगळे मिटले असेही नाही. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिता येतो : स्वतंत्र 'ऱ' घेऊन, साध्या र खाली नुक्ता देऊन, किंवा र आणि हलन्त यांच्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना तिन्ही सारखेच, संगणकाला मात्र तीन निराळी नावे. मॅक संगणकांची जुनी फाइलव्यवस्था 'ऱ' ची फोड करून र आणि नुक्ता असे साठवीत असे. अशा मॅकवर बांधलेला मराठी शब्दकोशाचा किंवा फॉन्टचा गठ्ठा दुसरीकडे सोडला, की यादीतले नाव एक आणि डिस्कवरचे दुसरे. मग समोर फाइल दिसत असताना 'फाइल सापडत नाही' असे उत्तर येते. अशा वेळी नाव पुन्हा टंकून पाहू नये, यादीतून जसेच्या तसे उचलून फाइलला चिकटवावे.