हार्डवेअरच्या काउंटरवर: आधी नमुना, मग माल

‘अर्धा इंची एल्बो द्या’ एवढ्यावर माल काढता येत नाही. सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे १६ मिमी, यूपीव्हीसीचा २१; दोन्हींना म्हणतात मात्र अर्धा इंचच. म्हणून जाणता दुकानदार जुना तुकडा मागतो आणि फिटिंग त्यावर बसवून दाखवतो.

संगणकात दहा नग दिसले, तरी खोक्यात हात घालून मोजावेत; सुट्या मालाचा हिशेब पटकन चुकतो. सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा व वर्ष छापलेले असते. दमटपणाने त्याची ताकद घटते, म्हणून जुनी गोणी आधी विकावी, तीही तीन महिन्यांच्या आत.

माल नसेल तर लगेच तसे सांगावे. ‘येईलच’ म्हणून थांबवले, तर तिकडे प्लंबरचा रोज फुकट जातो. खरी शिल्लक सांगणे हीच खरी सेवा.