प्रथिननिर्मितीचा प्रारंभ

जिवंत पेशीतील बहुतेक कार्ये प्रथिनांच्या द्वारे घडून येतात व ही प्रथिने घडविण्याचा आदेश डी. एन. ए. या द्रव्यात साठविलेला असतो, हे आता सर्वश्रुत आहे. या आदेशाची प्रत संदेशवाहक आर. एन. ए.च्या रूपाने रायबोसोम या सूक्ष्म कणांपर्यंत पोहोचते आणि तेथे तिच्यातील अक्षरांच्या अनुक्रमानुसार अमिनो अम्ले एकापुढे एक गुंफली जातात. परंतु हे वाचन नेमके कोठून सुरू करावयाचे, हे रायबोसोमला कसे कळते?

प्रश्न वरवर पाहता गौण वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. आर. एन. ए.ची लिपी चार अक्षरांची असून तीन अक्षरांचे एकेक त्रिक एकेका अमिनो अम्लाचा निर्देश करते. दोन त्रिकांमध्ये मोकळी जागा मुळीच नसते. मोडी दफ्तरातील ओळ शब्द न तोडता लिहिलेली असे, तसाच हा प्रकार होय. ‘कमलसदनपवन’ ही अक्षरे पहिल्यापासून तीन-तीन घेतल्यास तीन सार्थ शब्द मिळतात. दुसऱ्या अक्षरापासून आरंभ केल्यास ‘मलस, दनप’ असे निरर्थक तुकडे हाती येतात. म्हणजे आरंभ चुकला की पुढील सारेच चुकते.

१९६१ साली नीरेनबर्ग व मथाई यांनी केवळ ‘यू’ या एकाच अक्षराचा कृत्रिम आर. एन. ए. वापरून फेनिलॲलानीन या एकाच अमिनो अम्लाची साखळी मिळविली. या संदेशात प्रारंभाची कोणतीच खूण नव्हती, तरीही काम चालले! याचे कारण पुढे उमगले. प्रयोगातील मिश्रणात मॅग्नेशियमचे प्रमाण अधिक होते व त्या स्थितीत रायबोसोम खुणेवाचूनही वाचन सुरू करतो. ते प्रमाण कमी ठेवले असता मात्र खुणेची आवश्यकता स्पष्ट दिसून येते.

ही खूण म्हणजे बहुधा ‘एयूजी’ हे त्रिक होय. ते मेथिओनीन या अमिनो अम्लाचे निदर्शक आहे. मात्र हेच त्रिक संदेशाच्या मध्यभागीही येत असल्याने एवढ्याने प्रश्न सुटत नाही. १९६४ साली मार्कर व सँगर यांना जीवाणूंमध्ये फॉर्मिल गट जोडलेले मेथिओनीन वाहून नेणारा आर. एन. ए. आढळला. हा वाहक आरंभासाठीच राखून ठेवलेला असतो. मधल्या मेथिओनीनसाठी दुसरा वाहक असतो. पुढे १९७४ साली शाइन व डालगार्नो यांनी दाखविले की, आरंभीच्या त्रिकाच्या थोडे आधी एक छोटा अक्षरसमूह असतो व तो रायबोसोमच्या लहान भागातील आर. एन. ए.शी जुळतो. या जुळणीमुळे योग्य त्रिक योग्य जागी येते. तीन साहाय्यक प्रथिने या कामी मदत करतात आणि त्यानंतरच रायबोसोमचा मोठा भाग येऊन मिळतो.

केंद्रकयुक्त पेशींची, म्हणजे वनस्पतींची व आपलीही, रीत निराळी आहे. येथे लहान भाग सामान्यतः संदेशाच्या टोकावरील रासायनिक टोपीपाशी बसतो व तेथून पुढे सरकत अनुकूल परिसरातील पहिले ‘एयूजी’ शोधतो. हे शोधनाचे तत्त्व मॅरिलिन कोझाक यांनी १९७८ साली मांडले. या कामी दहाहून अधिक साहाय्यक प्रथिने लागतात.

एवढी सिद्धता निष्कारण नाही. प्रथिननिर्मितीस पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. म्हणून ती थांबवावयाची तर आरंभीच थांबविणे श्रेयस्कर. रक्तातील तांबड्या पेशी घडत असता लोहयुक्त ‘हीम’ अपुरे पडले, तर एक विकर आरंभाच्या एका साहाय्यक प्रथिनास फॉस्फेट जोडते आणि ग्लोबिनची निर्मिती मंदावते. हीमवाचून ग्लोबिन साचू नये, हा त्यातील लाभ.

उलटपक्षी, ही खूणच बिघडली तर काय होते? बीटा-थॅलसीमियाच्या काही रुग्णांत बीटा-ग्लोबिनच्या जनुकातील आरंभीच्या त्रिकाचे केवळ एक अक्षर बदललेले आढळते. पुढचा सारा आदेश शाबूत असतो. परंतु त्याचे वाचन योग्य ठिकाणी सुरूच होत नाही व त्या जनुकापासून उपयुक्त प्रथिन मिळत नाही. आदेश शुद्ध असणे पुरेसे नाही. त्याचा आरंभ ओळखता येणे हेही तितकेच आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येईल.